धातू दमतो तेव्हा

बाजारात माठ घेताना आजी काय करते, हे तुम्ही पाहिले असेलच. माठ हातात घ्यायचा, बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायची आणि कान देऊन ऐकायचे. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का. बद्द आवाज आला तर कोठेतरी चीर आहे असे समजून तो परत ठेवायचा. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण आवाज चुगली करतो. पूर्वी आगगाडी मोठ्या स्टेशनात थांबली की एक कामगार लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या चाकांवर ठोके मारीत जात असे. त्याची युक्तीही आजीचीच!

मोटारसायकलच्या सांगाड्याला मात्र असे वाजवून काही कळत नाही. तो अनेक तुकडे जोडून केलेला असतो आणि त्याला इंजिन, टाकी, चाके जखडलेली असतात. अशा सांगाड्यात केसाएवढी चीर पडली तर ती शोधायची कशी? सापडली तर बुजवायची कशी? आणि मुख्य म्हणजे, ती पडलीच का? या प्रश्नांची उत्तरे शोधताना धातुशास्त्रातील बऱ्याच गमतीच्या गोष्टी आपल्याला भेटतील.

एक प्रसंग

समजा, पुण्यातले एक गॅरेज आहे. गुरुवारची संध्याकाळ. सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा आपली गाडी टेंपोतून घेऊन येतो. गाडी रस्त्यावरची नव्हे, तर माती-चिखलात शर्यती खेळण्याची आहे. तिच्या टायरना मोठमोठे खिळे फुटल्यासारखी नक्षी असते, दिवे नसतात आणि चाके सुमारे ३० सेंटिमीटर वरखाली होऊ शकतात. अशा शर्यती आपल्याकडे आता नवीन नाहीत. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात माती पसरून, उंच उंचवटे रचून त्या झाल्या होत्या.

मुलगा गाडीखाली बोट दाखवून म्हणतो, "मिस्त्रीकाका, इथं जरा चीर दिसतेय. रविवारी शर्यत आहे. वरून एक टाका मारून द्या ना!"

मिस्त्री वाकून बघतात. इंजिनाखालून जाणाऱ्या नळीवर, जेथे इंजिन धरणारा कान जोडलेला आहे, त्या सांध्याच्या कडेला काळसर रेघ आहे. लांबी चारएक सेंटिमीटर. मिस्त्री विचारतात, "ही चीर कशानं पडली रे?"

"ते काय माहीत? उड्या मारून पडली असेल."

"मग टाका मारल्यावर तू उड्या मारायचा थांबणार आहेस का?"

मुलगा गप्प बसतो. आपणही येथे क्षणभर थांबू, कारण मिस्त्रींच्या या एका प्रश्नातच सारे मर्म आहे. तडा हा नुसता दोष नाही, तो निरोप आहे. निरोप न वाचताच पाकीट चिकटवून टाकले तर पुढचा निरोप अधिक कडक भाषेत येतो!

उडी आणि भार

प्रथम सांगाड्याला सोसावे काय लागते ते पाहू. गाडी आणि स्वार मिळून वजन १८० किलोग्रॅम धरा. दोन मीटर उंचीवरून ती सपाट जमिनीवर उतरली आणि चाकांच्या वरखाली होण्याच्या ३० सेंटिमीटर अंतरात थांबली, असे समजा. २ मीटर पडताना आणि पुढे ०.३ मीटर दबताना गुरुत्वाकर्षणाने केलेले सगळे कार्य त्या ०.३ मीटरमध्येच जिरवावे लागते. म्हणजे सरासरी बल हे वजनाच्या २.३ भागिले ०.३, सुमारे साडेसात पट! १८० किलोग्रॅमची गाडी त्या क्षणापुरती जवळजवळ १४०० किलोग्रॅमची होते. कुशल स्वार उतारावर उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात धक्का कमी बसतो हे खरे. पण असे धक्के एका दिवसाच्या सरावात शेकडो वेळा बसतात.

हा भार सहन करूनही गाडी हलकी राहिली पाहिजे. म्हणून सांगाड्यासाठी ॲल्युमिनियमची निवड झाली. होंडा कंपनीने १९९७ सालच्या सीआर २५० आर या शर्यतीच्या गाडीला ॲल्युमिनियमचा सांगाडा दिला आणि पुढे इतर कारखान्यांनीही तीच वाट धरली. आपल्या मुलाची गाडी अशाच जातीची आहे.

ॲल्युमिनियमचे विशिष्ट गुरुत्व २.७, तर पोलादाचे सुमारे ७.८५. म्हणजे वजन एकतृतीयांश. पण निसर्ग फुकट काही देत नाही. ॲल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या एकतृतीयांशच असतो. मग सांगाडा लवलवता होणार नाही का? यावर उपाय भूमितीत आहे. पातळ पत्र्याच्या नळीचा व्यास दुप्पट केला आणि पत्र्याची जाडी तेवढीच ठेवली, तर वजन दुप्पट होते, पण वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो! म्हणूनच ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या नळ्या जाडजूड, चौकोनी पेट्यांसारख्या दिसतात. १९९७ च्या त्या पहिल्या सांगाड्यात हा उपाय थोडा जास्तच झाला. तो इतका ताठ निघाला की स्वारांच्या हातांना धक्के बसू लागले. २००० सालच्या नमुन्यात तो मुद्दाम थोडा लवचीक करावा लागला. चांगला सांगाडा म्हणजे नुसता ताठ सांगाडा नव्हे, हे तेव्हा सर्वांना कळले.

धातूला शीण येतो

आता एक कोडे. रोजच्या उडीचा भार सांगाडा सहज पेलतो. एका उडीने तो मोडत नाही. मग त्याच भाराने हजाराव्या किंवा लाखाव्या वेळी चीर का पडावी?

हेच कोडे दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेच्या अभियंत्यांना पडले होते. आगगाडीचे आस वर्षानुवर्षे चांगले चालत आणि एके दिवशी काही विशेष कारण नसता मोडत. जर्मन अभियंता आउगुस्ट व्होलर याने १८५८ ते १८७० या काळात आसांवर चिकाटीने प्रयोग केले. आस फिरताना त्याचा प्रत्येक भाग एकदा ताणला जातो व एकदा दाबला जातो. व्होलरने असे लाखो फेरे देऊन पाहिले. त्याला आढळले की, एका खेपेस धातू मोडण्यास जो भार लागतो त्याहून बराच कमी भारही वारंवार दिला तर धातू मोडतो. भार जितका कमी, तितके फेरे अधिक. धातूच्या या अवस्थेला शीण किंवा शिणवटा म्हणतात.

शीण म्हणजे धातू माणसासारखा दमतो आणि विश्रांतीने ताजा होतो, असे मात्र समजू नका! धातूला आलेला शीण झोपेने जात नाही. होते ते असे : सांध्याची कड, ओरखडा, भोक, पोचा अशा जागी भार एकवटतो. तेथे धातूच्या स्फटिकांचे थर एकमेकांवर किंचित सरकतात. प्रत्येक धक्क्याला थोडे पुढे, थोडे मागे. शेवटी सूक्ष्म चीर उघडते. चिरेच्या टोकाशी तर भार आणखीच एकवटतो, म्हणून पुढच्या धक्क्याला चीर कणभर पुढे सरकते. असे होता होता उरलेला धातू इतका कमी राहतो की एका साध्या धक्क्याने तो तुटतो.

असा पूर्ण तुटलेला तुकडा हाती आला तर त्याचा छेद भिंगातून जरूर पाहा. एका भागात तो गुळगुळीत असून त्यावर वाकड्या, एकामागून एक रेघा दिसतात. ओहोटीच्या वेळी वाळूवर पाण्याच्या खुणा राहतात ना, तशाच! त्या रेघांचे केंद्र जेथे असेल तेथे चिरेचा जन्म झाला. उरलेला भाग खरखरीत व चकचकीत असतो. तो शेवटच्या क्षणी तुटलेला. गुळगुळीत भाग मोठा असेल तर समजावे, धातूने फार दिवस सूचना दिली होती. आपणच पाहिले नाही.

पोलाद आणि ॲल्युमिनियम यांत येथे एक महत्त्वाचा भेद आहे. साध्या पोलादावरचा भार एका ठराविक मर्यादेच्या खाली ठेवला आणि त्याला गंज लागू दिला नाही, तर ते जवळजवळ अमर्याद फेरे सोसते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. भार लहान असला तर आयुष्य खूप वाढते, एवढेच. म्हणून ॲल्युमिनियमच्या वस्तूच्या बाबतीत 'इतकी वर्षे काही झाले नाही' ही खात्री नव्हे. उलट ती सावध होण्याची सूचना आहे.

या गोष्टीची जाणीव जगाला फार मोठी किंमत देऊन झाली. १९५४ साली कॉमेट जातीची दोन जेट प्रवासी विमाने, एक जानेवारीत एल्बा बेटाजवळ आणि दुसरे एप्रिलमध्ये नेपल्सजवळ, आकाशातच फुटली आणि दोन्हींतील सर्व माणसे दगावली. कारण शोधण्यासाठी इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात पुनःपुन्हा दाब भरला व सोडला. आधीची उड्डाणे आणि टाकीतले फेरे मिळून सुमारे ३००० झाले तेव्हा विमानाचे अंग एका खिडकीच्या कोपऱ्यापासून फाटले. त्याचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचाच होता.

चीर की नुसती रेघ?

आता गॅरेजकडे परत येऊ. मिस्त्रींनी पहिले काम काय केले असेल? गाडी धुतली! धुळीखाली चीर लपते आणि ओरखडाही चिरेसारखा दिसतो. मग इंजिन, टाकी, चाके सर्व उतरवून सांगाडा मोकळा केला. एक चीर दिसली म्हणजे एकच आहे असे नव्हे. म्हणून सगळे सांधे पाहिले : हँडलची मान, मागच्या चाकाचा दुहेरी बाहू ज्या खिळीवर झुलतो ती जागा, शॉकॲब्सॉर्बरचा वरचा कान, पाय ठेवण्याचे दांडे आणि इंजिनाचे सर्व कान. भार जेथे वळण घेतो तेथे चीर पडते, हा नियम लक्षात ठेवा.

खालच्या चिरेजवळ त्यांना काळी बारीक भुकटी आढळली. ॲल्युमिनियमचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की अशी भुकटी होते. म्हणजे तेथे काहीतरी हलत होते. पण हँडलच्या मानेजवळही एक पुसट रेघ दिसली. ती चीर की ओतकामाच्या साच्याची खूण? नुसत्या डोळ्यांनी निर्णय होईना.

पोलाद असते तर चुंबक आणि लोखंडाचा कीस वापरून चीर शोधता आली असती. कीस चिरेच्या कडेला गोळा होतो. ॲल्युमिनियमला चुंबक ओढत नाही, म्हणून ही युक्ती बाद. मग मिस्त्रींनी लाल रंगाच्या द्रवाचा डबा काढला. ही परीक्षा अशी करतात :

पहिली पायरी : जागा द्रावकाने पुसून अगदी कोरडी करावयाची. रंग असेल तर तो उतरवावयाचा. तार घासणाऱ्या यंत्राने मात्र खसाखसा घासायचे नाही, कारण ॲल्युमिनियम मऊ असल्याने चिरेचे तोंड लिंपले जाते.

दुसरी पायरी : पातळ लाल द्रव लावून दहा मिनिटे ते अर्धा तास थांबायचे. केशाकर्षणाने तो चिरेत शिरतो. दिव्याच्या वातीत तेल चढते, तेच हे तत्त्व.

तिसरी पायरी : वरचा लाल द्रव फडक्याने पुसून घ्यायचा. द्रावक फडक्यावर घ्यायचे, थेट धातूवर ओतायचे नाही. नाही तर चिरेतला रंगही धुऊन जाईल.

चौथी पायरी : वरून पांढऱ्या भुकटीचा पातळ थर फवारायचा. भुकटी टिपकागदासारखे काम करते. चिरेत लपलेला लाल रंग ती बाहेर ओढते आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत यासाठी तेल आणि खडूची पूड वापरीत. युक्ती जुनी आहे, रंग नवा आहे इतकेच.

निकाल काय लागला? मानेजवळची भुकटी पांढरीच राहिली. ती साच्याची रेघ होती. खालच्या सांध्यावर मात्र लाल रेघ उमटली आणि तिची लांबी चार नव्हे, सहा सेंटिमीटर भरली! डोळ्यांना दिसते ते चिरेचे पूर्ण रूप नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

कारण सापडले

आता 'कशाने?' हा प्रश्न. मिस्त्रींनी इंजिन धरणारे बोल्ट तपासले. पुढच्या कानातील बोल्ट सैल होता आणि त्याचे भोक गोल न राहता लांबट झाले होते. अशा गाडीत इंजिन हे नुसते ओझे नसते. घराच्या तुळईला खांब टेकू देतो, तसे ते सांगाड्याला आतून आधार देते. बोल्ट सैल झाल्याबरोबर हा टेकू गेला. तो भार खालच्या नळीवर आला आणि सांध्याच्या कडेला, जेथे भार एकवटतो तेथेच, चीर जन्मली.

मुलाची उडी ही निमित्त होती. कारण सैल बोल्ट होते. आता तुम्हीच सांगा, नुसता वरून टाका मारला असता तर काय झाले असते? बोल्ट सैलच राहिला असता आणि चीर टाक्याच्या शेजारी पुन्हा आली असती.

आणखी एक गोष्ट तपासायची राहिली. पडझडीत सांगाडा वाकला तर नाही? त्यासाठी मानेपासून मागच्या खिळीच्या उजव्या आणि डाव्या टोकापर्यंतची अंतरे मोजली. दोन्ही सारखी भरली. सांगाडा सरळ होता.

येथे निर्णयाची वेळ येते. चीर हँडलच्या मानेत असती, चिरा दोन-तीन ठिकाणी असत्या, सांगाडा वाकलेला असता किंवा धातू कोणता हे कळत नसते, तर मिस्त्रींनी सांगाडा बदलायला सांगितले असते. मान तुटली तर पुढचे चाक गाडीला सोडून जाते, आणि तेही बहुधा उडीनंतर उतरताना, जेव्हा भार सर्वांत जास्त असतो. पैसे वाचवण्याची ती जागा नव्हे.

दुरुस्ती कशी होते?

हे काम ज्याने ॲल्युमिनियमच्या जोडकामाचे रीतसर शिक्षण घेतले आहे त्यानेच करायचे. तरी त्यामागचे विज्ञान आपण समजून घेऊ.

प्रथम चिरेच्या टोकाच्या किंचित पुढे सुमारे ३ मिलिमीटरचे भोक पाडतात. चिरेचे टोक सुईसारखे तीक्ष्ण असते. गोल भोकामुळे तेथे एकवटणारा भार पसरतो आणि चीर पुढे पळत नाही. नंतर पूर्ण चीर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात खोलवर कोरून काढतात. खाली चीर ठेवून वरून धातू भरला तर तो घावावर खपली धरल्यासारखा प्रकार होतो; आतला घाव तसाच!

मग स्वच्छता. तेलाचा अंश राहिला तर जोडात बुडबुडे अडकतात. पण येथे एक सावधगिरी हवी. काही सफाईद्रवांत क्लोरीनची संयुगे असतात. विजेच्या ठिणगीच्या प्रखर उष्णतेत व प्रकाशात त्यांच्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू होतो. पहिल्या महायुद्धात माणसे मारण्यासाठी वापरला तोच हा वायू. म्हणून असले द्रव येथे वर्ज्य. ॲसिटोन वापरून ते पूर्ण उडून जाऊ देतात.

खरी अडचण पुढेच आहे. ॲल्युमिनियमवर हवेमुळे ऑक्साइडचे पातळ, घट्ट कवच बनते. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण हे कवच वितळायला २००० अंशांहून अधिक तापमान लागते! आतला धातू पाण्यासारखा झाला तरी वरचे कवच तसेच. मग दोन कडा एकजीव कशा होणार? शिवाय पोलादाप्रमाणे ॲल्युमिनियम लाल होऊन सूचना देत नाही. आता चांगले दिसते आणि पुढच्या क्षणी भोक पडते.

यावर उपाय म्हणजे ज्याला कारागीर 'आर्गॉन वेल्डिंग' म्हणतात ते. आधी स्टेनलेस स्टीलच्या, फक्त ॲल्युमिनियमसाठीच राखलेल्या ब्रशाने कवच घासतात. मग टंगस्टनची काडी आणि सांगाडा यांच्यामध्ये विजेची प्रखर ज्योत पेटवतात. भोवती आर्गॉन वायूचा झोत असतो. हा निष्क्रिय वायू हवेला जवळ येऊ देत नाही, म्हणून नवे कवच बनत नाही. वीज मात्र उलटसुलट वाहणारी, म्हणजे प्रत्यावर्ती घेतात. एका अर्ध्या फेरीत आर्गॉनचे विद्युत्‌भारित कण सांगाड्यावर आदळून कवच फोडतात. दुसऱ्या अर्ध्या फेरीत उष्णता सांगाड्यात शिरून धातू वितळतो. झाडूवाला आणि गवंडी आळीपाळीने काम करीत आहेत, असे समजा!

भर घालण्यासाठी जी तार वापरतात तिच्यात सुमारे ५ टक्के सिलिकॉन किंवा ५ टक्के मॅग्नेशियम असते. कोणती घ्यायची ते सांगाड्याच्या मिश्रधातूवर ठरते. काही बळकट मिश्रधातू, उदाहरणार्थ जस्त व तांबे असलेला ७०७५, असे जोडताना थंड होता होताच तडकतात. धातू ओळखल्याशिवाय ज्योत पेटवायची नाही, याचे कारण हेच.

मुरलेला धातू आणि त्याची कच्ची जागा

जोड झाला, दिसायलाही सुबक आला. संपले का काम? नाही. यासाठी १९०६ सालातील एक शोध माहीत हवा. आल्फ्रेड व्हिल्म हा जर्मन धातुशास्त्रज्ञ तांबे व मॅग्नेशियम घातलेले ॲल्युमिनियम तापवून पाण्यात बुडवीत असे. पोलाद असे बुडवले की लगेच कठीण होते. हे झाले नाही. पण काही दिवसांनी पुन्हा मोजले तो काय, तोच तुकडा आपोआप कठीण झालेला! लोणचे मुरावे तसा धातू मुरला होता. यातूनच ड्यूरॅल्युमिन हा प्रसिद्ध मिश्रधातू जन्मला.

६०६१ या नेहमीच्या मिश्रधातूत मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असते. सुमारे ५३० अंशांना ते ॲल्युमिनियममध्ये विरघळते, जशी गरम पाण्यात साखर. एकदम थंड केले की ते आत अडकून पडते. मग १७० अंशांच्या आसपास काही तास ठेवले की त्याचे अतिसूक्ष्म कण सर्वत्र तयार होतात आणि स्फटिकांच्या थरांना सरकू देत नाहीत. अशा मुरलेल्या ६०६१ चा दर चौरस मिलिमीटर छेद सुमारे ३१ किलोग्रॅम भार घेऊन मग तुटतो.

जोडाच्या उष्णतेने हे सूक्ष्म कण विरघळतात किंवा एकत्र येऊन मोठे होतात. जोडाच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ मिलिमीटरपर्यंतचा पट्टा मऊ पडतो आणि त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे जोड चांगला असूनही शेजार कच्चा! सगळा सांगाडा पुन्हा ५३० अंशांना तापवून, बुडवून, मुरवला तर ताकद परत येते. पण तसे करताना सांगाडा वाकतो आणि त्याला जखडून ठेवणारे साचे कारखान्यातच असतात.

म्हणून गॅरेजमध्ये दुसरा उपाय करतात : त्या जागी धातू वाढवून भार पसरवतात. मात्र ठिगळ कसे लावायचे यातही विज्ञान आहे. जुन्या धोतराला जाड कापडाचे ठिगळ लावले तर धोतर ठिगळाच्या कडेला फाटते, हे तुमच्या आजोबांना विचारा! म्हणून पट्टी फार जाड घेत नाहीत. तिची दोन्ही टोके होडीसारखी निमुळती करतात, म्हणजे भार हळूहळू पट्टीत शिरतो. आणि जोड नळीला आडवा न घालता लांबीच्या दिशेने घालतात, म्हणजे कच्चा पट्टा नळीच्या पूर्ण वेढ्यावर येत नाही.

शेवटी लांबट झालेले भोक नीट करून नवा बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या मापानेच आवळतात. जोड थंड झाल्यावर पुन्हा तीच लाल द्रवाची परीक्षा.

रविवारची शर्यत

हे सारे रविवारपूर्वी होण्यासारखे नव्हते. मिस्त्रींनी मुलाला तसे स्पष्ट सांगितले. मुलगा हिरमुसला. पण लाल रेघ त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून वाद घातला नाही. गाडी मिळाल्यावर मिस्त्रींनी त्याला एक वही दिली : प्रत्येक सरावानंतर गाडी धुवायची, बोल्ट तपासायचे, जोडाची जागा भिंगाने पाहायची आणि तारीख घालून लिहायचे. पहिल्या तीन सरावांनंतर लाल द्रवाची परीक्षा. दुरुस्त केलेला सांगाडा नव्यासारखा नसतो. तो नजरेखाली ठेवण्याच्या अटीवर चालतो. पुन्हा तेथेच चीर आली तर दुसरा टाका नाही, सांगाडा मोडीत.

तुम्हीही करून पहा

१. कागद अडकवण्याच्या तारेच्या पंधरा सारख्या क्लिपा घ्या आणि सरळ करा. पाच क्लिपा प्रत्येक वेळी ९० अंशांतून, पाच ४५ अंशांतून मागेपुढे वाकवा आणि किती वेळा वाकवल्यावर तुटतात ते मोजा. प्रत्येक गटाची सरासरी काढा. कोन कमी केला की फेरे किती वाढतात? आणखी एक-दोन कोन घेऊन आलेख काढा. तुम्ही काढलेला आलेख व्होलरच्या आलेखाच्या जातीचाच असेल. उरलेल्या पाच क्लिपांवर मधोमध कानशीने बारीक खाच पाडा आणि त्या ४५ अंशांतून वाकवा. खाचेची करामत दिसेल. तुटताना टोक उडते, म्हणून चष्मा लावा. तुटलेल्या जागी लगेच बोट लावू नका. ती का तापते, याचाही विचार करा.

२. टाकून देण्याजोगी, केसासारखी चीर पडलेली कपबशी घ्या. चिरेवर लाल शाई लावून दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा, कोरडी करा आणि वरून खडूची वस्त्रगाळ पूड भुरभुरा. थोड्या वेळाने काय दिसते ते पाहा. चीर तुम्हाला वाटली होती तेवढीच लांब आहे का, हे पट्टीने मोजून वहीत लिहा.

आणि घरची सायकल एकदा धुऊन नीट बघा. चिमटा, हँडलची मान, बैठकीखालचा सांधा. कोठे काळी रेघ किंवा सांध्याच्या कडेने तडकलेला रंग दिसला, तर सायकल तशीच दामटू नका. आधी विचारा : ही रेघ कोठून आली?